बर्फाचा वापसा

“कामून जायलास?” अण्णांनी विचारलं. अंगणात बसून ते खोऱ्याला नवा दांडा बसवत होते, त्यामुळं माझ्याकडं बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

“थंडी बघायला,” मी म्हणालो. खरं तर बर्फ म्हणायचं होतं. पण आठ दिवसांची रजा टाकून, पदरचे पैसे घालून, उत्तराखंडात बर्फावर नुसतं चालायला जायचं, हे त्यांना कोणत्याही शब्दांत सांगितलं असतं तरी खुळ्यासारखंच वाटलं असतं.

“इथली सरली का?”

माय आतून हसली. विषय तिथंच संपला.

अण्णांचं तसं चूक नव्हतं. “जगात जर्मनी अन् भारतात परभणी” ही म्हण आमच्याकडं शाळेत न गेलेल्या पोरालाही पाठ असते. ती कशी पडली ह्याच्या चार-पाच गोष्टी आहेत आणि सांगणारा जो तो आपलीच खरी म्हणतो. थंडीवरून पडली असं कुणी म्हणत नाही, पण पडली असती तरी चाललं असतं. बाहेरच्या माणसाला मराठवाडा म्हटलं की ऊन, टँकर आणि भेगाळलेलं रान दिसतं. इथल्या डिसेंबरातली पहाट त्यानं बघितलेली नसते. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. २०१८ च्या डिसेंबरात, वर्ष सरता सरता, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांवर उतरला होता.

त्या रात्री मी रानात होतो. लाईट रात्रीची होती. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा मिळायची, एक आठवडा रात्री, आणि गहू काही तुमची झोप बघून तहानत नाही. अण्णांना ताप होता म्हणून दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायला, मी गेलो. बारा वाजता मोटार सुरू झाली. डोक्याला मफलर, हातात खोरं, काखेत बॅटरी आणि पाय अनवाणी, कारण ओल्या वाफ्यात चप्पल दोन पावलंही टिकत नाही. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, पाटातून वाहताना त्याच्यावर वाफ दिसते. पाय पाण्यात आहेत तोवर बरं वाटतं. एक दार मोडून दुसरं बांधायला बांधावर चढलं की वारा पायाला असा झोंबतो की पळत जाऊन परत पाण्यात उभं राहावं. चार वाजेपर्यंत मी हेच करत होतो. उजाडताना शेजारच्या हरभऱ्यावर बॅटरी मारली तर पानावरचं दव पांढरं दिसलं. बोटानं खरवडलं, तर नखात साखरेसारखं काहीतरी आलं. जिभेवर ठेवलं. गार आणि आंबट. आंबट ती हरभऱ्याची आंब.

बर्फ मी पहिल्यांदा तिथं पाहिला. हिमालयातला नंतरचा.

निघालो ते सचखंड एक्स्प्रेसनं. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी म्हणजे आमच्या भागाला उत्तरेकडं उघडणारा दरवाजा आहे, आणि वाटेतल्या स्टेशनांवर शीख मंडळी लंगर देतात म्हणून ताटली घरून घेऊन बसायचं हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही पाच जण होतो. चार परभणीचे आणि एक पुण्यात स्थायिक झालेला शाळासोबती, जो दिल्लीला येऊन मिळाला. ह्या सगळ्या उचापतीचा धनी तोच. दिल्लीहून डेहराडून, तिथून अख्खा एक दिवस गाडीत. मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड. पुरोल्याला लाल तांदळाचा भात खाल्ला, तो चांगला होता. नैटवाडला रुपिन आणि सुपिन ह्या दोन नद्या मिळून टोन्स होते, ती गाडीच्या खिडकीतून बघितली. सांकरीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर, सांकरी दोन हजारांच्या आसपास, आणि आम्हाला जायचं होतं केदारकंठ्याच्या माथ्यावर, ३,८१० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, हा भूगोलाच्या पुस्तकातला हिशोब मी गाडीतच मांडून झालो होतो.

केदारकंठ्याला हिवाळ्यात गर्दी असते. बुटाला दात्यांच्या साखळ्या बांधतात, बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीला गेटर नावाचं वेष्टण चढवतात आणि हजारो लोकांनी तुडवलेल्या वाटेनं जातात. त्या वाटेला स्नोशू, म्हणजे भुसभुशीत बर्फात पाय बुडू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, लागतच नाहीत. पण आमच्या आधी दोन दिवस बर्फ पडला होता आणि आणखी पडणार होता. पुण्याच्या मित्रानं तीन जोड सोबत आणले होते. माणसं पाच, जोड तीन. हे गणित पुढं भांडणाला कारण झालं.

सांकरीच्या खोलीत त्यानं ते पिशवीतून काढले तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, “हे तर पायाला सूप बांधल्यावाणी दिसायलंय.” मला ह्याहून नेमकं वर्णन अजून सुचलेलं नाही. ॲल्युमिनियमची लांबट चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं जाड प्लास्टिक, वर पट्ट्या. बुटाचा चवडा आवळून बांधायचा, टाच मोकळी सोडायची. चवड्याखाली लोखंडी दाते, आणि चढाला टाच टेकवायला मागं एक तारेची कडी, ती हवी तेव्हा उभी करायची. बाकी त्यात काही यंत्र नाही. माझं वजन ७८ किलो, पाठीवर दहा. हे सगळं बुटाच्या वीतभर रुंद तळव्यावर टेकण्याऐवजी चार-पाच पट मोठ्या जागेवर पसरतं, म्हणून माणूस बुडत नाही. बुडत नाही म्हणजे कमी बुडतो. ताज्या बर्फात स्नोशू घालूनही वीतभर जातोच.

ही युक्ती फार जुनी आहे. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, तीन हजार मीटरच्या वर, बर्चच्या काठीचा वाकवून बांधलेला एक स्नोशू २००३ मध्ये सापडला. सापडला तो नकाशे करणाऱ्या एका माणसाला. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याचा असेल असं समजून त्यानं तो बारा वर्षं आपल्या ऑफिसात ठेवून दिला. नंतर तपासला तर निघाला जवळजवळ ५,८०० वर्षांपूर्वीचा. मला त्या बारा वर्षांची गंमत वाटते. आमच्याकडं जुनं जातं जसं दारात पालथं पडलेलं असतं तसा तो बापडा कुठल्यातरी कपाटावर पडून राहिला असेल.

चालायला शिकायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात माणूस तीनदा तोंडावर पडतो. पाय फाकवून टाकायचे, नाहीतर आपलाच एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो. मागं पाऊल घ्यायचंच नाही, शेपटी बर्फात घुसते आणि आपण पाठीवर. वळायचं असेल तर लांबून गोल वळायचं. बैल तासाच्या, म्हणजे औताच्या ओळीच्या, टोकाला वळतात तसं. मला हे पटकन जमलं, बहुतेक औतामागं चाललेला होतो म्हणून. पुण्याच्या मित्रानं मात्र श्रेय स्वतःच्या शिकवण्याला घेतलं.

पुढं कोण चालतो ह्याला बर्फात फार महत्त्व आहे. पहिला माणूस वाट पाडतो, त्याचा दम सगळ्यात आधी जातो. मागच्याला दाबलेली वाट मिळते, चौथ्या-पाचव्याला तर स्नोशूचीही गरज पडत नाही. पहाटे तुरीच्या पाटातून जाताना पुढच्याचीच पँट दवानं भिजते, मागचे कोरडे राहतात, तसंच. म्हणून दहा-दहा मिनिटांनी पुढच्यानं बाजूला व्हायचं, रांग पुढं जाऊ द्यायची आणि शेवटाला लागायचं. कागदावर हे फार सोपं आहे. प्रत्यक्षात पुढचा माणूस बाजूला व्हायला तयार नसतो, कारण पुढं असण्याची एक मिजास असते, आणि मागचा पुढं यायला तयार नसतो, कारण त्याला ते कष्ट दिसत असतात.

कपड्यांवरून गाईडनं मला दोनदा टोकलं. तिथलाच, सांकरीच्या वरच्या अंगाच्या गावचा माणूस, चाळिशीतला, बोलणं मोजकं. मायनं दिलेली सुती बंडी मी आतून घातली होती. त्यानं ती काढायला लावली. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. “चलने से पहले थोड़ी ठंड लगनी चाहिए,” तो म्हणाला. मला ते पटलं नाही. निघताना जाड जाकीट तसंच ठेवलं. तासाभरात पाठ भिजली. मग विसाव्याला थांबलो आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागले. शून्याखाली दहा अंश आणि ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते शून्याखाली वीससारखं लागतं. आमच्याकडची म्हातारी माणसं घामेजल्या अंगानं वाऱ्याला बसू देत नाहीत. लहानपणी हजारदा ऐकलेलं होतं. चार हजार रुपयांचं जाकीट अंगात असलं की म्हातारी माणसं आठवत नाहीत.

आणखी दोन गोष्टी त्यानं शिकवल्या. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं. सकाळी सुलटी केली की तोंड मोकळं. आणि तहान लागली म्हणून बर्फ खायचा नाही. तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते.

जुडा का तालाब हे वाटेतलं तळं ओलांडून बेस कॅम्पकडं निघालो त्या दिवशी रात्रभर बर्फ पडून गेला होता. देवदारांच्या फांद्या ओझ्यानं खाली आलेल्या. कसलाच आवाज नाही. मधूनच एखादी फांदी आपलं ओझं टाकायची आणि भुस्सकन् पांढरा धूर उडायचा. पावलाखाली बर्फ करकरत होता, कापसाची गाठ दाबावी तसा. खूप थंडी असली की तो असा वाजतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही पोरं घरात रचलेल्या कापसाच्या ढिगात उड्या मारायचो. दिसायला हे अगदी तेच होतं, म्हणूनच असेल, मला त्याची भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

विसाव्याला मी माझा जोड दुसऱ्याला दिला. त्याची पाळी होती. मग लघवीला म्हणून वाट सोडून एका देवदारामागं गेलो. चार पावलं. पाचव्याला डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. झाडाच्या बुडाशी फांद्यांमुळं बर्फ कमी पडतो, भुसभुशीत राहतो, खाली पोकळी असते. हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की पाय कशालाच टेकत नाहीये. उजव्या पायावर जोर दिला, तोही गेला. हात टेकवले तर हात कोपरापर्यंत आत. ज्याच्यावर जोर देऊन उठायचं तेच नाही, हा अनुभव विचित्र असतो. बुटात बर्फ शिरला होता आणि घोट्याला गार चटका बसायला लागला होता. मी पाय उपसायला जोर लावला, आणि प्रत्येक हिसक्याला आणखी चार बोटं खाली गेलो.

हाक मारायची लाज वाटली. पोरं वीस फुटांवर चिक्की खात होती. आणि मग गावचा पाझर तलाव आठवला. उन्हाळ्यात पाणी आटलं की मधला गाळ वरून सुकल्यासारखा दिसतो, पापुद्रा धरतो. तिथं खेकडे धरायला गेलो होतो, आठ-नऊ वर्षांचा असेन, आणि गुडघ्याच्या वर रुतलो होतो. अण्णा काठावर. धावत आले नाहीत. तिथूनच ओरडले, “उपसू नको. बस. खाली बस पहिलं!” गाळात बसायचं ही कल्पनाच घाण वाटली होती, पण बसलो, मग आडवा झालो, आणि आडवं झाल्यावर पाय आपोआप सैल झाले. सापासारखं सरपटत काठाला आलो आणि वर मार खाल्ला.

देवदाराखाली मी बसलो. मग आडवा झालो. काठी आडवी टाकून तिच्यावर छाती टेकली आणि आधी एक गुडघा, मग दुसरा. वाटेवर आलो तेव्हा नाकातोंडात बर्फ होता आणि पोरांनी फोटो काढून ठेवले होते.

त्या रात्री तंबूत गाईडच्या मापकानं शून्याखाली ११ दाखवले. मोबाईलची बॅटरी मरू नये म्हणून तो झोपायच्या पिशवीत पोटाशी घेऊन झोपलो. वारा बराच होता. पहाटे तीनला माथ्यासाठी निघायचं ठरलं होतं. उठलो, चहा झाला, डोक्याला दिवे लावले, स्नोशूच्या पट्ट्या गोठून कडक झाल्या होत्या त्या दातानं ओढून बांधल्या. आभाळ स्वच्छ होतं, एवढे तारे मी रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातही बघितले नव्हते.

गाईड आमच्या पुढं थोडा वर गेला. काठी उलटी धरून तिनं बर्फ दाबला, हळूच, काढला, दोन हात पलीकडं परत दाबला. मग गुडघ्यावर बसून हातानं उभा चर खणला आणि दिव्याच्या उजेडात त्याच्या भिंतीवर बोट फिरवलं. हातमोजा काढून मूठभर बर्फ घेतला, दाबला, मूठ उघडली. बर्फ पिठासारखा वाऱ्यावर गेला. खाली येऊन म्हणाला, “नहीं जाएँगे. बर्फ अभी बैठा नहीं है.”

जुन्या कडक थरावर फूट-दीड फूट नवा बर्फ, वाऱ्यानं एका बाजूला लोटलेला, आणि वरचा शेवटचा चढ तीव्र. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ घसरत नाही आणि त्याहून उभं असेल तर साठतच नाही. पडून गेल्यावर पहिला दिवस-दीड दिवस सगळ्यात वाईट. “एक दिन, दो दिन लगेगा बैठने में.” आमच्याकडं दोन दिवस नव्हते. दिल्लीहून परतीचं रिझर्वेशन होतं.

पोरं चिडली. पुण्याच्या मित्रानं स्नोशू आहेत ना, असा मुद्दा काढला. हो, पण स्नोशू माणसाला वर ठेवतो, डोंगराला धरून ठेवत नाही. एकानं पैशाचं काढलं. गाईड गप्प उभा होता, मुठीतला बर्फ पँटला पुसत. मी त्याच्या त्या हाताकडं बघत होतो, कारण ती मूठ माझ्या ओळखीची होती.

पाऊस उघडला की अण्णा रोज सकाळी रानात जातात. वीतभर उकरून आतली माती मुठीत घेतात, गोळा करतात, कमरेच्या उंचीवरून सोडतात. गोळा तसाच राहिला तर अजून नाही. फुटून मोकळा झाला तर वापसा. तोवर रानात औत घालायचं नाही. काळ्या मातीत पाणी शिरलं की ती फुगते, धरते, पायाला पाच-पाच किलोचे गोळे लागतात. आणि ओल्यात औत घातलं तर सुकल्यावर विटा होतात. चार वर्षांपूर्वी परतीचा पाऊस लांबला होता. हरभऱ्याची पेरणी मागं पडत होती, माझी रजा संपत होती. अण्णा म्हणत होते चार दिवस थांब. मी भाड्यानं ट्रॅक्टर सांगितला. ट्रॅक्टर दुसऱ्या ओळीलाच अर्ध्या चाकापर्यंत गेला, काढायला दुसरा आणावा लागला आणि त्या दोघांनी मिळून अर्धा एकर असा मळला की होळीपर्यंत तिथं डोक्याएवढी ढेकळं होती. अण्णा बोलले नाहीत. नुसते एका ढेकळावर जाऊन उभे राहिले. ते फुटलं नाही.

“उतरू आपण,” मी म्हणालो. दोघांनी माझ्याशी डेहराडूनपर्यंत बोलणं टाकलं.

उतरताना ऊन आलं. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं लख्ख दिसत होती. कोवळ्या बर्फावर ऊन इतकं उलटून येतं की काळा चष्मा काढवत नाही. गाईड वाटेत थोडा मोकळा झाला. त्याची सफरचंदाची झाडं होती. बर्फ चांगला पडला की सफरचंद चांगलं येतं म्हणाला, झाडाला थंडीचे तास भरावे लागतात. मी म्हणालो आमच्या गव्हालाही थंडी लागते. तो हसला. त्याला परभणीत थंडी असते हे खोटं वाटलं असावं.

घरी आल्यावर मायनं बंडीचं विचारलं, मी घातली होती म्हणून सांगितलं. संध्याकाळी अण्णांना मोबाईलवर फोटो दाखवले. डोंगर, देवदार, मी रुतलेला. ते भराभर बोट सरकवत गेले. डोंगराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एका फोटोवर थांबले. गाईड गुडघ्यावर बसलेला, डोक्यावर दिवा, मूठ उघडी. कुणी काढला होता मला माहीत नव्हतं. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“ह्यो वापसा बघायलाय का?”

“हो.”

“मंग?”

“नाही म्हणाला. माघारी आलो.”

त्यांनी मान हलवली. फोटो आणखी थोडा वेळ बघितला.

“किती एकर हाय त्याला?”

ते मी विचारलंच नव्हतं.